येरळेची वर्षातून एकदा येणारी भरती

सांगलीत येरळेचं नाव काढलं की माणसं वाळूबद्दल बोलतात, पाण्याबद्दल नाही. ब्रह्मनाळपाशी ती कृष्णेला मिळते म्हणायचं, पण वर्षातले कितीतरी महिने मिळायला तिच्याकडं काही नसतंच. त्यामुळं याच नदीवर, वर खटाव तालुक्यात, रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात असं आतेभावानं फोनवर सांगितलं तेव्हा मला तो चेष्टा करतोय असंच वाटलं.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे चारला निघालो. तासगाव, मग विटा. विट्यात आतेभाऊ कानटोपी आणि चहाचा थर्मास घेऊन चढला आणि घाट चढेपर्यंत ऊसदरावर बोलत राहिला. मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव अंधारातच मागं पडला. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा तलावांना मिळून 2021 साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. त्यातलं आम्हाला गाठायचं होतं ते येरळवाडी.

उजाडताना पोहोचलो. पावसाळ्यात भरलेलं पाणी आता बरंच आत सरकलं होतं. सरकलेल्या पाण्यामागं उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत हरभरा टरारून आला होता. हरभऱ्याचा हिरवा पट्टा, मग ओल्या गाळाचा तपकिरी, मग पाण्याचा राखाडी, आणि त्या राखाडीत लांबच लांब गुलाबी रेघ. दुर्बीण लावली तर रेघेला पाय फुटले. माना पाण्यात, चोची उलट्या, आणि सगळे जण संथपणे चिखल गाळत चाललेले.

आणखी जवळ जाता येईल म्हणून मी गाडी खाली उतरवली. चूक पूर्ण माझी. वरून गाळ पापडासारखा कडक दिसतो, आत लापशी असते. पुढची दोन्ही चाकं रुतली. आतेभाऊ काही बोलला नाही, थर्मास घेऊन खाली उतरला आणि कुणाचा तरी ट्रॅक्टर शोधायला निघून गेला. जाताना चहा ठेवून गेला नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात काठाला एक म्हातारबा लागले. बोट नव्हती. ट्रकच्या टायरची ट्यूब, तिच्यावर थर्माकोलचा तुकडा आणि वल्हं म्हणून फळी. जाळ्यात एक मोठा कटला, तीन रोहू, बाकी सगळी चिलापी. भोई समाजातले, घरात तीन पिढ्या हेच काम. गाडीकडं बघून म्हणाले, "हितं दरवर्षी एक तरी रुततंयच. बसा निवांत."

बोलायला काहीतरी म्हणून मी विचारलं, या माशांना खाद्य काय घालता?

"खाद्य? म्हशी हायत्या व्हय?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. मच्छीमारांची संस्था तलाव ठेक्यानं घेते, पाणी आलं की मत्स्यबीज सोडते. बोटाएवढी पिल्लं, म्हणून बोटुकली. त्यानंतर तलावात वरून काही पडत नाही. पहिल्या पावसात माळावरची शेळ्यामेंढ्यांची लेंडी, पालापाचोळा, माती सगळं वाहून येतं, पाणी हिरवट होतं आणि मासा त्यावर वाढतो. कटला वरच्या थरात तरंगणारे बारीक जीव खातो, रोहू मधल्या थरात हिंडतो, मृगळ तळाचा कुजका गाळ चिवडतो. तिघांची ताटं वेगळी. माशांचं तोंड बघा, म्हणजे कळतं, असं म्हणत त्यांनी कटल्याचा वर वळलेला जबडा माझ्यासमोर धरला.

मला एकदम गोवा आठवला. गेल्या वर्षी रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर गेलो होतो, तेही पक्षी बघायलाच. तिथं कांदळवनात 1.78 चौरस किलोमीटरचं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पण मला धरून ठेवलं ते अभयारण्याबाहेरच्या खाजनानं. मांडवी-झुवारीच्या खाड्यांलगतची ही सखल जमीन भरतीच्या पाण्याखाली जायची. पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि दगडांचे बांध घालून ती मिळवली. बांधात जागोजागी लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. दार असं बसवलेलं असतं की भरतीचं पाणी बाहेरून लोटायला लागलं की ते आपोआप मिटतं आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं. वीज नाही, मोटार नाही, माणूस नाही. आत पोंय म्हणतात ते पाणी साठतं. दार जरा किलकिलं ठेवलं की भरतीबरोबर खाडीतलीच कोळंबीची आणि माशांची पिल्लं आत येतात आणि आतल्या कुजक्या पेंढ्यावर, शेवाळावर वाढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, रात्रीच्या ओहोटीला, मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं लावतात. मी बघितलं त्या रात्री बॅटरीच्या उजेडात शेवटे, काळुंद्र, एक चोणक असे मासे आणि टोपलीभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, निघाली. एक मूठ खाद्य न घालता. शेजारच्याच वावरात पावसाळ्यात खाऱ्या मातीला दाद न देणारा कोरगुट भात पिकतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळं वाढू देतात, म्हणजे लाटांचा मार बांधावर येत नाही. गोव्यात अशी खाजनं सुमारे 18 हजार हेक्टर असल्याचं सांगतात.

हे सगळं मी म्हातारबांना सांगितलं. त्यांचं सगळं लक्ष दारावर. "माणूस न्हाई उभा? पाण्यानंच लागतंय आन पाण्यानंच उघडतंय?" मी गाळात बोटानं दार काढून दाखवलं. ते उकिडवे बसले, चित्र निरखलं, आणि म्हणाले, "आमच्याकडं भरती वर्सातनं एकदाच येती."

त्यांच्या या वाक्यानंतर मला समोरचा तलाव वेगळा दिसायला लागला. खाजनात पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, इथं पावसाळ्यात चढतं आणि चैत्रापर्यंत उतरत जातं. उतरलं की मागं सुपीक गाळ, त्यात हरभरा. कडेला वीतभर पाणी उरतं. रोहित आणि शेकाटे उतरतात ते त्याच उथळात. काठोकाठ भरलेल्या खोल पाण्यात रोहिताला पाय टेकायला जागा नाही.

आणि तलावात खाद्याची पोती ओतत नाहीत म्हणूनच हे सगळं एकत्र नांदतं, असं माझं मत. खाल्लं न गेलेलं खाद्य तळाशी सडतं, पाण्यातला प्राणवायू ओढतं. पूर्व किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात कोळंबीची तळी दाटीवाटीनं झाली आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं झोपली. 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला किनाऱ्यालगतच्या तसल्या तळ्यांवर बंदीचा निकाल द्यावा लागला. ओडिशातल्या चिल्का सरोवरात तर कोळंबीसाठी जाळ्यांची कुंपणं घालून पारंपरिक कोळ्यांचं पाणीच अडवलं गेलं. त्यात समुद्राकडचं तोंड गाळानं बुजत आलेलं. 2000 साली नवं तोंड खोदून खारं पाणी आत घेतलं, तेव्हा मासा परत यायला लागला.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. चोडणला एका शेतकऱ्यानं मला बांधावर उभं करून ओसाड वावर दाखवलं होतं. मानशीच्या मासेमारीचा लिलाव होतो, त्याला ते पावणी म्हणतात. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त दिसायला लागला तशी काही ठिकाणी दारं मुद्दाम उघडी राहायला लागली, खारं पाणी वावरात शिरलं, भात गेला. भात गेल्यावर बांध बघायला कोण येणार? मग बांधाला खिंडार पडतं आणि पोंयही जाते.

येरळवाडीतही तंटे आहेतच. जाळ्यात पक्षी अडकतात म्हणून पक्षीवाले ओरडतात. म्हातारबांची तक्रार पाणकावळ्यांवर. रोहितांवर नाही. "ही लाल तंगड्यांची मासं खात न्हाईत, चिखल चाळत्यात. त्यांचं आमचं काय भांडान न्हाई. पर तुमच्यावानी क्यामेरेवालं पार आत घुसत्यात आन समदी उठवून लावत्यात." हे बोलताना त्यांनी माझ्या रुतलेल्या गाडीकडं बघितलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

पाणी आटलं की त्यांचं वर्ष संपतं, आणि दुष्काळात ते लवकर आटतं. पाणी घाण झालं तर त्याहून लवकर. आमच्या सांगलीत कृष्णेत मळी किंवा सांडपाणी आलं की मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो आणि दोन दिवस वर्तमानपत्रात फोटो येतात. इथं तलावात बीज सोडणारा आणि मासा धरणारा एकच, त्यामुळं पाण्याच्या रंगात जरा फरक पडला तरी पहिल्यांदा तो यांनाच दिसतो. अशा माणसाचं नाव कुठल्या समितीत असतं का, ते मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

ट्रॅक्टर आला. हरभऱ्याच्या मालकानं दोर लावून गाडी ओढली, पैसे घेतले नाहीत, पण मोडलेल्या दोन सऱ्यांवरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्या आवाजानं गुलाबी रेघ उचलली गेली. पंख उघडल्यावर आतला लालभडक आणि काळा रंग दिसला, एक मोठा वळसा घेऊन सगळे पलीकडच्या काठाला उतरले. मी कॅमेरा गाडीतच विसरलो होतो.

कटला मी विकत घेतला. म्हातारबांनी ताजव्यात घालून वर एक चिलापी टाकली, ट्यूब खांद्याला अडकवली आणि गेले.

दुपारी घरी आईनं पिशवी उघडून वास घेतला. "मातकट येतोय. ताकात ठेवायला लागंल. नदीचा आहे ना?"

"येरळेचा."

"काहीतरी सांगू नकोस," आई म्हणाली, "येरळेत पाणी कुठंय?"