लाल रंग टिकला पाहिजे : आमची वाटचाल

मी लातूरची. एमएस्सी केमिस्ट्री नांदेडच्या विद्यापीठातून केली, मग तीन वर्षं एका फार्मसी कॉलेजात लॅब सांभाळली, आणि २०१५ च्या दिवाळीनंतर माझे दीर आणि मी मिळून एमआयडीसीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. काम काय करता हे लोकांना सांगता सांगता अजून दमते, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. आम्ही कॅन्सरचं औषध बनवत नाही. औषध ज्याच्यावर बसवून गाठीपर्यंत पोचवायचा प्रयत्न चाललाय ते अतिसूक्ष्म नॅनो कण बनवतो, सोन्याचे आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे, आणि ते रिसर्च करणाऱ्या कॉलेजांना आणि लॅबना देतो. बस एवढंच.

याच्याकडं वळले ती माझ्या औशाच्या मावशीमुळं. २०११ ला तिला छातीत गाठ निघाली, एसटीनं बार्शीला न्यायचो. तिला ते लाल इंजेक्शन द्यायचे, डॉक्सोरुबिसिन. गाठ कमी व्हायली होती पण केस गेले, तोंड आलं, भाकरी सोडा साधं वरण गिळता येईना, आणि मधून मधून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा कारण हे औषध हृदयालाही धरतं. मावशी म्हणायची, "अगं बाई, गाठ एका जागी अन् औषध सगळ्या अंगात, असं कसं गं?"

तिच्या या प्रश्नावर जगात किती आधीपासून काम चाललंय हे मला नंतर वाचताना कळलं. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, सैल, फटी असलेल्या असतात, त्यातून शंभर नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपासचे कण आत झिरपतात आणि अडकून राहतात, हे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ ला मांडलं. मग तेच लाल औषध चरबीच्या बारीक पिशवीत भरून, वरून पेग नावाचं आवरण देऊन १९९५ ला अमेरिकेत मंजूर झालं, डॉक्सिल. आवरण यासाठी की नाहीतर लिव्हर आणि प्लीहा कण लगेच गिळून टाकतात. हृदयाचा त्रास बराच कमी झाला, पण हातापायाची कातडी लाल होऊन सोलायचा नवा त्रास आला. म्हणजे फुकट काहीच मिळत नाही.

आता आमची गोष्ट. सोन्याचे कण करायला सोन्याच्या क्लोराइडचं पिवळसर पाणी उकळायचं आणि त्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) टाकायचं, आधी रंग जातो, मग काळपट होतं आणि बघता बघता डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग चढतो. लाल म्हणजे कण बारीक आणि सुटे. निळसर झालं की समजायचं कण एकमेकाला चिकटले, बॅच गेली. २०१६ च्या मार्चपासून आमच्या बॅचेस निळ्या पडायल्या, एक नाही दोन नाही सलग पाच. सोन्याच्या क्लोराइडच्या एक ग्रॅमच्या बाटलीला हजारो रुपये, भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. आम्ही काचभांडी घासली, अ‍ॅक्वा रेजिया या तीव्र आम्लांच्या मिश्रणानं धुतली, सायट्रेट बदललं, अन् दोष निघाला पाण्यात. नळ बंद, टँकरचं पाणी, त्यात क्षार एवढे की आमच्या डीएम प्लँटचं, म्हणजे पाण्यातले क्षार काढायच्या यंत्राचं, क्षार शोषणारं रेझिन कधीच संपलं होतं आणि आम्ही पाण्यातले क्षार दाखवणारा मीटर बघितलाच नव्हता. क्षार आले की कणांवरचा चार्ज झाकला जातो आणि ते एकमेकाला धरतात. मी हे कॉलेजात शिकवलेलं होतं हो!

मग डिस्टिलेशन लावलं, म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ कंडेन्सरमध्ये गार करून शुद्ध पाणी घ्यायचं. कंडेन्सरचं गार पाणी ड्रममधूनच मोटर लावून परत परत फिरवायचो, कारण त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं आणि आम्ही नळ सोडून द्यायचा हे मनाला पटणारंच नव्हतं. तेव्हापासून मीटरचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय हॉटप्लेट चालू होत नाही.

पैशाचं काय लिहू, एका कॉलेजनं चौदा महिन्यांनी बिल दिलं, त्यात एक पोरगा काम सोडून गेला. पण उदगीरच्या एका रिसर्च करणाऱ्या मुलीनं आमच्या कणांवर फॉलिक अ‍ॅसिड बसवलं, कारण काही कॅन्सरच्या पेशी फॉलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, जास्त ओढून घेतात, आणि तिनं डिशमधल्या पेशींचा फोटो पाठवला तेव्हा आम्ही तिघं नुसते बघत बसलो. डिशमध्ये जमलं म्हणजे माणसात जमलं असं नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. २०१६ मध्येच टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले पेपर तपासले तर दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते साधारण ०.७ टक्के. बाकीचे लिव्हर, प्लीहा, आणि अगदी बारीक असतील तर लघवीवाटे बाहेर. आमच्या धंद्याला हा आकडा लपवावा वाटेल असा आहे, पण मी तो कोटेशनबरोबर बोलते, कारण पुढं कुणाचं तरी माणूस त्यात असतं.

मावशी आज ठीक आहे, चढ चढताना दम लागतो फक्त.

मागच्या महिन्यात निलंग्याहून एका दादाचा फोन, "ताई, बायकोची केमो बंद करतो, तुमचं नॅनो द्या." मी अर्धा तास बोलले. आमच्या बाटलीतलं माणसाला द्यायचं नाही, केमो सोडू नका, त्रास होतो ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, उलटीची, तोंडाची औषधं असतात, डोस बदलता येतो. संध्याकाळी मीच परत फोन लावला. त्यांनी मंगळवारची तारीख घेतली होती. मी ती वहीत त्या दिवशीच्या पाण्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेवली, मंगळवारी विचारायला.