आज डेव्हिस संच गळ्यात अडकवला

आज मालवणात, घराजवळच्या शाळेत, पाणबुडीतून जीव वाचवायचा जुना डेव्हिस संच गळ्यात अडकवून मुलांसमोर उभा राहिलो. छातीवर रबरी पिशवी, आत कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा डबा, खाली ऑक्सिजनचं छोटं नळकांडं, नाकाला चिमटा. रबर जुनं, म्हणून त्यातून श्वास मात्र घेतला नाही. १९३१ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'पोसायडन' या ब्रिटिश पाणबुडीतून काही खलाशी असाच संच लावून वर आले, हे सांगताना आवाज जड झाला.

घरची होडी असलेला एक पोरगा म्हणाला, "काका, श्वास धरून वर इलो तर?"

किती नेमकं विचारलंन! वरून बुडी मारणाऱ्याचं तसं चालतं. पण ३० मीटर खाली, दाबाखाली घेतलेला श्वास वर येईपर्यंत चौपट फुगतो. धरून ठेवला तर फुप्फुस फाटतं. म्हणून सोडत सोडतच यायचं. संचाला पुढे एप्रनसारखा पडदा असतो. तो हातांनी पसरला की वर यायचा वेग कमी होतो.

मग अख्खा वर्ग तोंडाचा चंबू करून हवा सोडत बसला, घंटा झाली तरी. या पोरांना एकदा विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी दाखवायला न्यायचंय. तिची ती अरुंद गोल दारं त्यांनी वाकून ओलांडायला हवीत.