चॅटनूगा: आधी नदी, मग डोंगर

मंगळवार, रात्री

अटलांटाहून शनिवार-रविवार जोडून कुठं जायचं असा विषय निघाला की टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचं नाव हटकून येतं. आय-७५ हमरस्त्याने सरळ उत्तरेला निघालं की साधारण १२० मैल, रस्ता मोकळा असेल तर दोन तास. नदी आहे, डोंगर आहे, लहान मुलांना मत्स्यालय आहे, भारतातून आलेल्या आई-बाबांना बसायला सावलीचे बाक आहेत. तरी बरीच मंडळी तिथून दमून येतात आणि ‘ठीक होतं’ म्हणतात. त्याचं कारण शहरात नाही, आखणीत आहे. पोचल्या पोचल्या सगळे लुकआउट माउंटनवर धावतात. रूबी फॉल्स (गुहेतला धबधबा), रॉक सिटी (खडकांची बाग) आणि इन्क्लाइन रेल्वे (डोंगर चढणारी गाडी) एकाच दिवसात उरकायचं ठरलेलं असतं. तीन तिकिटं, तीन रांगा, मध्ये वळणावळणाचे अरुंद रस्ते. नदीकाठी येईतो अंधार पडलेला असतो आणि पाय बोलायला लागलेले असतात.

या वेळची आखणी उलटी करायची. शनिवार अख्खा नदीला द्यायचा. डोंगर रविवारी सकाळी, आणि त्या तिघांपैकी एकच.

तारीख आधी बघायची. एप्रिल छान, ऑक्टोबरचा उत्तरार्ध त्याहून छान, कारण दरीतली झाडं तेव्हा रंगतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३२-३३ अंशांवर आणि हवा दमट. दुपारी गडगडाटी पाऊसही ठरलेला, म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी अकराच्या आत आटपावं लागतं. सप्टेंबरच्या शेवटी तिथं आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि धावण्याची शर्यत असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी हेड ऑफ द हूच ही मोठी नौकास्पर्धा. त्या दोन्ही वेळी गावात खोली मिळत नाही आणि मिळालीच तर दोन रात्रींची अट आणि चढा दर.

बुधवार

हॉटेल डाउनटाउनमध्येच घ्यायचं. हमरस्त्याकडेचं स्वस्त पडतं खरं, पण मग दर वेळी गाडी काढा, पार्किंग शोधा. डाउनटाउनचं हॉटेल रात्रीच्या पार्किंगचे वेगळे पैसे लावतं, ते खोलीच्या भाड्यात धरूनच तुलना करायची. एकदा गाडी लावली की रविवार सकाळपर्यंत किल्लीला हात लावायची गरज नाही. मत्स्यालयापासून चू चूपर्यंत, म्हणजे १९०९ सालच्या जुन्या रेल्वे स्थानकापर्यंत, शहराची विजेवर चालणारी मोफत शटल बस आहे. ती १९९२ पासून धावते. शेवटची बस किती वाजता, हे तेवढं निघायच्या दिवशी बघून ठेवायचं, कारण रविवारचं वेळापत्रक आखूड असतं.

शुक्रवारी संध्याकाळी चार ते सात या वेळात निघण्यात अर्थ नाही. अटलांटातून बाहेर पडायलाच तास मोडतो. शनिवारी सकाळी साडेसहाला निघालं तर नऊच्या आत पोच. टेनेसीत शिरल्यावर लगेच आय-७५ आणि आय-२४चा फाटा येतो. आय-२४ पश्चिमेला धरायचा, आणि लेन फाट्याच्या बऱ्याच आधी बदलायची, कारण तिथं ट्रकांची भिंत असते. पुढे मिशनरी रिजचा चढ आणि वळण, तिथं वेग आपोआप मंदावतो. मग यूएस २७ उत्तरेला, की आलं डाउनटाउन.

नॅशव्हिल किंवा हंट्सव्हिलहून कुणी येऊन मिळणार असेल तर त्यांना आठवण द्यायची: चॅटनूगा ईस्टर्न वेळेवर चालतं, ती दोन्ही गावं सेंट्रल वेळेवर. येताना एक तास हरवतो. वेळ ठरवून काढलेली तिकिटं यातच वाया जातात. तिकिटावरची वेळ चॅटनूगाची समजायची.

गुरुवार, रात्री

शनिवार. मत्स्यालयाचं तिकीट पहिल्या वेळेचं काढायचं. अकरानंतर सहलीच्या बस येतात आणि काचेपाशी लहान मुलांना जागा उरत नाही. इमारती दोन आहेत: १९९२ची गोड्या पाण्याची, २००५ची समुद्राची. आधी गोड्या पाण्याची. समुद्राचे मासे जगात इतरत्रही बघायला मिळतात. टेनेसी नदीचं खोरं असं उलगडून दाखवणारी जागा ही एकच. सरकत्या जिन्याने थेट वर जायचं आणि पाण्यासोबत खाली उतरत यायचं, अशी तिची रचना आहे. वर ॲपलाचियन डोंगरातलं जंगल, झरे, ट्राउट; खाली मोठ्या नदीतले कॅटफिश आणि लेक स्टर्जन. या स्टर्जनपाशी थांबायचंच. टेनेसी नदीतून हा मासा नाहीसा झाला होता, आणि मत्स्यालयाच्या संशोधकांनी इतरांच्या मदतीने पिल्लं वाढवून ती पुन्हा नदीत सोडली. काचेच्या आत जे दिसतं ते बाहेर दोनशे पावलांवरच्या पाण्यात पुन्हा पोहतंय, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

बाहेर पडलं की शेजारीच ‘द पॅसेज’. पायऱ्यांवरून पाणी उतरत उतरत नदीकडे जातं, आणि भिंतीवर सहा-सहा फुटांच्या सात मातीच्या चकत्या आहेत, चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या कलावंतांनी घडवलेल्या. उन्हाळ्यात पोरं इथं डुंबत असतात, आणि डुंबू द्यावं. पण मोठ्यांनी जाणून असावं की ही जागा रॉस लँडिंग आहे. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना घरादारातून उठवून पश्चिमेला हाकललं, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांना इथूनच होड्यांत चढवलं गेलं. उतरणारं पाणी हे तेव्हा ढाळलेल्या अश्रूंचं प्रतीक म्हणून योजलेलं आहे. चकत्या नीट बघायला दहा मिनिटं पुरतात, ती द्यायची.

तिथून काठाकाठाने पूर्वेला वॉलनट स्ट्रीट पूल. १८९१चा पोलादी पूल, लांबी २,३७६ फूट. १९७८ मध्ये मोटारींना बंद झाला, पाडायचं घाटत होतं, लोकांनी वाचवला आणि १९९३ पासून तो फक्त चालणाऱ्यांचा नि सायकलवाल्यांचा आहे. दक्षिणेच्या टोकाला एड जॉन्सन यांचं स्मारक आहे, २०२१ मध्ये उभारलेलं. न केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी ठोठावलेला हा कृष्णवर्णीय तरुण. सर्वोच्च न्यायालयाने फाशी थांबवली, तर १९०६ मध्ये जमावाने त्याला तुरुंगातून ओढून याच पुलावर मारलं. त्यावरून खुद्द शेरीफवर, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखावर, सर्वोच्च न्यायालयात खटला चालला आणि तो दोषी ठरला. त्या न्यायालयाने स्वतः चालवलेला तो एकमेव फौजदारी खटला. जॉन्सनसोबत त्याचे दोन कृष्णवर्णीय वकील, नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स, यांचेही पुतळे तिथं आहेत. पुलावरून फक्त फोटो काढून परतणं मला पटत नाही. चढण्याआधी हे स्मारक बघावं.

पूल जुना आहे, त्यामुळे दुरुस्ती निघाली की महिनोन्‌महिने बंद राहतो. निघण्याआधी शहराच्या संकेतस्थळावर बघायचं. बंद असेल तर शेजारच्या मार्केट स्ट्रीट पुलाला पदपथ आहे. पलीकडे कूलिज पार्क: जुनं लाकडी कॅरोसेल, जमिनीतून उडणारी कारंजी, गवत. मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड आणि टॉवेल पाठपिशवीत हवाच, कारंजी चालू असताना कुणी कोरडं राहत नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना इकडे भाड्याच्या गाडीने सोडावं आणि पूल एकाच दिशेने चालू द्यावा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांचं सपाट चालणं जमण्यासारखं असतं.

जेवणाचं. शाकाहारी मंडळी असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: दक्षिणेत भाजी म्हणजे शाकाहारी असं नाही. हिरव्या शेंगा, कॉलर्डचा पाला, राजम्यासारखी कडधान्यं, ही बऱ्याचदा हॅमच्या तुकड्यासोबत किंवा बेकनच्या चरबीत शिजवतात. बिस्किटावरच्या (इथं बिस्किट म्हणजे मऊ, खारट पाव) पांढऱ्या ग्रेव्हीत बहुधा सॉसेज असतं. तळलेली भेंडी आणि हिरव्या टोमॅटोचे काप चिकनच्याच तेलात तळलेले असू शकतात. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘यात हॅम, बेकन किंवा मांसाचा रस्सा घातलाय का’ असं विचारायचं, मग सरळ उत्तर मिळतं.

शुक्रवार

रविवारचा डोंगर. तिघांतलं एक कसं निवडायचं?

रूबी फॉल्स हा डोंगराच्या पोटातला १४५ फुटांचा धबधबा. १९२८ मध्ये लिओ लँबर्ट यांना सापडला, त्यांनी बायकोचं नाव दिलं. लिफ्टने २६० फूट खाली आणि पुढे अरुंद गुहेतून ओळीने चालत. ज्यांचा बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी जाऊ नये, मध्येच मागे फिरता येत नाही. चाकाची खुर्ची आत जात नाही. आत बारा महिने १५-१६ अंश असतात, म्हणून पावसाळी किंवा फार उन्हाच्या दिवसाला हाच पर्याय.

रॉक सिटी ही खडकांची बाग, पलीकडे जॉर्जियाच्या हद्दीत. मुलांना सगळ्यात आवडते. पायऱ्या पुष्कळ आणि खडकांमधल्या फटी फार चिंचोळ्या, तेव्हा आई-बाबा सोबत असतील तर हिचा विचार सोडलेला बरा.

त्यांच्यासाठी इन्क्लाइन. पायथ्याच्या सेंट एल्मो वस्तीतून निघते, १८९५ पासून चालू आहे, सगळ्यात उभ्या टप्प्यात चढ ७२.७ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे सरकताना जवळजवळ ७३ फूट वर. वर जाताना तोंड दरीकडे असतं, सगळ्यात खालची बाक मिळाली तर नदीचं वळण हळूहळू उघडत जातं. गर्दीचं कारण तिच्या यंत्रणेतच आहे: डबे दोनच, एकाच दोराला बांधलेले, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. जास्त गाड्या सोडायची सोयच नाही. ऑक्टोबरात दुपारी वर अडकलेली माणसं उतरायच्या रांगेत तास तास उभी असतात. म्हणून सकाळची पहिली फेरी, आणि बाराच्या आत खाली.

वरच्या स्थानकापासून थोडं चाललं की पॉइंट पार्क. प्रवेशशुल्क आहे, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालतो, तो घरून निघताना पाकिटात टाकायचा. कठड्यापाशी उभं राहिलं की टेनेसी नदी मोकॅसिन बेंड या जमिनीच्या टोकाला कसा वळसा घालते ते एका नजरेत येतं. शनिवारी काठाने चाललेलं असतं, म्हणून मत्स्यालयाचे त्रिकोणी काचेचे माथे, वॉलनट स्ट्रीटचा निळा पूल, कूलिज पार्क, सगळं बोटाने दाखवता येतं. आधी नदी ठेवायची ती यासाठीच. याच डोंगरांनी एकेकाळी कारखान्यांचा धूर दरीत कोंडून धरला होता. १९६९ मध्ये इथली हवा देशात सगळ्यात वाईट ठरली होती. धुकं असेल तर मात्र काहीही दिसत नाही. सकाळी पायथ्यापासून माथा दिसत नसेल तर तिकीट काढायचं नाही, सरळ रूबी फॉल्स गाठायचं.

परतीला आय-७५ लगेच धरायचा नाही. दक्षिणेला फोर्ट ओगलथॉर्पजवळ चिकामॉगाची रणभूमी आहे, प्रवेश मोफत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर १८६३ मधल्या तीन दिवसांत इथं दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ३४ हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. गाडीतूनच सात मैलांचा फेरा मारता येतो, थकलेल्या पायांना सोयीचं. व्हिजिटर सेंटरमधून नकाशा आधी घ्यायचा, आत फोनची रेंज भरवशाची नाही. तिथून बॅटलफील्ड पार्कवेने रिंगगोल्डला आय-७५ लागतो. पेट्रोल रिंगगोल्डलाच भरायचं. चारच्या आत हमरस्त्याला लागलं तर अटलांटाची रविवार संध्याकाळची कोंडी बरीचशी चुकते.