तुम्ही विचारलंत म्हणून: कामेन रायडर इतका दुःखी का?

मी पुण्यात जपानी शिकवते आणि वर्गात कधी ना कधी कामेन रायडर या जपानी टीव्हीवरच्या मुखवटाधारी सुपरहिरोचा विषय निघतोच, बहुतेक वेळा माझ्याकडूनच. मग मुलं दिग्दर्शक हिदेआकी आन्नोचा २०२३ चा सिनेमा 'शिन कामेन रायडर' शोधून पाहतात आणि पुढच्या वेळी प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, सुपरहिरोचा सिनेमा आहे ना? मग हिरो एवढा खचलेला का? हे आन्नोने घातलंय का?" आन्नोची गाजलेली अॅनिमेशन मालिका इव्हँगेलिअन पाहिलेली मुलं हे जास्त विचारतात. आन्नोने हात लावला की उदास मुलगा आणि बापाची जुनी जखम आलीच, अशी त्यांची खात्री असते.

माझं उत्तर प्रत्येक वेळी एकच. आन्नोने दुःख घातलेलं नाही. ते १९७१ पासून तिथेच होतं. पन्नास वर्षं त्यावर रंगाचे हात चढत गेले, ते त्याने खरवडून काढले. आता सविस्तर सांगते. सिनेमाचा शेवटही यात येणार आहे, तेव्हा ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

मूळ मालिका ३ एप्रिल १९७१ ला सुरू झाली. निर्मिती तोएई कंपनीची, मूळ कल्पना मांगाकार (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) शोतारो इशिनोमोरीची. ताकेशी होंगो हा हुशार विद्यार्थी, मोटरसायकलही उत्तम चालवणारा. शॉकर नावाची गुप्त संघटना त्याला पळवून नेते, शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधते आणि त्याच्या शरीरात फेरफार करून त्याचा नाकतोडा करते. आता फक्त मेंदू ताब्यात घ्यायचा राहिलेला असतो. तेवढ्यात प्राध्यापक मिदोरिकावा त्याला सोडवतात.

या गोष्टीचं सगळं मर्म या अर्धवट राहिलेल्या शस्त्रक्रियेत आहे. होंगोची ताकद देवाने दिलेली नाही, परग्रहावरून आलेली नाही, त्याने मेहनतीने कमावलेलीही नाही. ती शत्रूने आपल्या कामासाठी बनवलेली आहे. दर आठवड्याला समोर येणारा कोळीमानव किंवा वटवाघूळमानव त्याच कारखान्यातून निघालेला असतो. होंगो ज्यांना मारतो ते त्याचेच भाऊबंद. फरक इतकाच, की त्याच्या मेंदूपर्यंत शॉकरचा हात पोचला नाही. लहान मुलांच्या मालिकेत यावर कोणी थांबून बोलत नसे, पण पहिले काही भाग आज पाहा. अंधारी, भीतिदायक दृश्यं आहेत आणि होंगोला स्वतःच्या हाताच्या जोराची भीती वाटते.

इशिनोमोरीने त्याच वर्षी काढलेली मांगा तर याहून कठोर आहे. त्यात होंगोला राग आला, मन हेलावलं, की शस्त्रक्रियेचे व्रण चेहऱ्यावर उमटतात. ते दिसू नयेत म्हणून तो मुखवटा चढवतो. मुखवट्यामागे हे कारण ठेवणाऱ्या माणसाला मी फार मानते. पुढे शॉकर होंगोसारखेच बारा रायडर तयार करते आणि ते त्याला गाठून ठार मारतात. त्या बारांतला एक, हायातो इचिमोंजी, डोक्याला गोळी लागून शॉकरच्या पकडीतून सुटतो आणि होंगोची जागा घेतो. होंगोचं शरीर गेलेलं असलं तरी मेंदू जिवंत ठेवलेला असतो आणि तो इचिमोंजीशी बोलत राहतो. मुलांच्या साप्ताहिकात हे छापलं जात होतं.

मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जो कामेन रायडर आहे, हात फिरवून "हेन्शिन!" (म्हणजे रूपांतर) ओरडणारा, तो कुठून आला? एका अपघातातून. होंगोची भूमिका करणारा हिरोशी फुजिओका सुरुवातीला मुखवटा घालून मारामारीही स्वतःच करायचा. मालिका सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडून त्याचा पाय जबर मोडला. काही भाग आधीच्या चित्रीकरणातले तुकडे वापरून कसेबसे निभावले आणि चौदाव्या भागात ताकेशी सासाकी इचिमोंजी, म्हणजे दुसरा रायडर म्हणून आला. तोवर रायडर व्हायचं तर भरधाव मोटरसायकल लागायची, कारण वाऱ्याने पट्ट्यातलं चक्र फिरलं की रूप बदलायचं. सासाकीकडे मोटरसायकलचा परवानाच नव्हता. म्हणून जागेवर उभं राहून करायची हातांची मुद्रा शोधली गेली. आधीचा गडद पोशाख रात्रीच्या दृश्यांत दिसत नसे, त्यावर पांढरे पट्टे आले. गोष्टही उजळली.

मुलं वेडी झाली. काल्बी कंपनीच्या कामेन रायडर खाऊच्या पाकिटाबरोबर कार्ड मिळायचं, तर मुलं कार्ड ठेवून खाऊ फेकून देऊ लागली आणि त्याची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. मालिका ९८ भाग चालली. त्या उजळपणाबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्याच जोरावर कामेन रायडर आजपर्यंत तगला. २००० मधल्या 'कुउगा' या मालिकेपासून तर जवळपास दरवर्षी नवा रायडर येतो. पण पहिल्या तेरा भागांतला तो घाबरलेला माणूस मागे पडला, हे खरं.

आन्नोचा जन्म १९६०चा. मालिका सुरू झाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, म्हणजे नेमका त्या वयात. 'शिन गॉडझिला' आणि 'शिन अल्ट्रामॅन'नंतर तो इथे आला आणि थेट त्या तेरा भागांकडे आणि मांगाकडे गेला.

सिनेमाची पहिली काही मिनिटं आठवा. डोंगररस्त्यावर पाठलाग, अपघात, कड्यावर उभा रायडर, मग मारामारी. तो शॉकरच्या शिपायांना नुसते ठोसे मारतो आणि त्यांची डोकी फुटतात, रक्ताच्या चिळकांड्या उडतात. जपानमध्ये या सिनेमाला बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र मिळालं ते यामुळेच. अनेकांना हे रक्त अनावश्यक वाटतं. मला ते अत्यंत आवश्यक वाटतं, कारण लगेच पुढे होंगो हातमोजा काढतो आणि आतला हात त्याचा राहिलेला नसतो. होंगोची भूमिका करणारा सोसुके इकेमात्सु तिथे आवाजही चढवत नाही. तो हाताकडे पाहतो आणि त्याला कळतं की आपण आत्ता माणसं मारली, आणि ते किती सोपं होतं. मुखवट्यातच अशी योजना आहे की तो घातला की मारण्याची इच्छा वाढते. सुपरहिरोचा सिनेमा एवढ्या लवकर, एवढ्या स्पष्टपणे सांगतो की या ताकदीचं काम मारणं हे आहे. खचू नये तर काय करावं त्याने?

आणखी एक बारीक गोष्ट दाखवते. रायडरच्या शिरस्त्राणाखालून मानेवर होंगोचे केस बाहेर आलेले दिसतात. १९७१ च्या सुरुवातीच्या भागांतही फुजिओकाचे केस असेच दिसायचे. तेव्हा ती साधनांची मर्यादा असेल. आज सगळं झाकून टाकणं सहज शक्य असताना आन्नोने केस ठेवले. त्या गुळगुळीत किड्याच्या डोक्यामागे वाऱ्यावर उडणारे माणसाचे केस पाहिले की आत कोणीतरी आहे हे विसरता येत नाही.

बापाची जखम मात्र या सिनेमातली, हे मान्य. होंगोचे वडील पोलीस होते. हातात बंदूक असून त्यांनी ती चालवली नाही, गुन्हेगाराला समजावू पाहिलं आणि त्यात ते मारले गेले. म्हणून होंगोला ताकद हवीशी वाटते आणि वापरायची वेळ आली की नकोशीही. गांधीलमाशीच्या रूपातली हिरोमी ही प्राध्यापक मिदोरिकावांची मुलगी रुरिको हिची जुनी मैत्रीण. तिला हरवूनही होंगो मारत नाही. शेवटी सरकारी माणूस येऊन गोळी घालतो. होंगोने वाचवलेलं माणूस वाचतच नाही, हे सिनेमा कोणतंही भाषण न करता दाखवतो.

शॉकरही बदलली आहे, आणि मला वाटतं हा बदल फार विचारपूर्वक केलेला आहे. १९७१ ची शॉकर जग जिंकायला निघालेली. नव्या शॉकरला माणसांना सुखी करायचं आहे. तिच्या मुळाशी एक कृत्रिम बुद्धिमत्ता आहे आणि तिने ठरवलंय, की जास्तीत जास्त लोकांचं भलं करण्यापेक्षा सगळ्यांत खोल निराशेत असलेल्या माणसांना वाचवायचं. त्यांना ताकद द्यायची आणि मग ती माणसं आपापल्या सुखासाठी काय वाटेल ते करतात. रुरिकोचा भाऊ इचिरो त्यातला सर्वांत मोठा. त्याच्या आईला एका माथेफिरूने विनाकारण मारलं. म्हणून त्याला सगळ्या माणसांचे प्राण शरीरातून काढून खोटेपणा नसलेल्या दुसऱ्या जगात न्यायचे आहेत. 'प्राण' सिनेमात ह्याच नावाने येतो, त्यामुळे आपल्याला ती कल्पना कोणी समजावून द्यावी लागत नाही. बाकीचे किडेमानव तो दुसऱ्यांकडून ओढून घेतात, होंगो वाऱ्यातून घेतो. जुन्या पट्ट्यातल्या चक्राला दिलेला हा नवा अर्थ मला फार आवडतो.

होंगो आणि इचिरो, दोघांनीही आईबापांतलं एक माणूस निरर्थक हिंसेत गमावलंय. एकाने ठरवलं की माणसंच नकोत. दुसरा माणसांत मिसळू शकत नाही, तरी त्यांच्यासाठी उभा राहतो. इथे नाकतोड्याचा खरा उपयोग होतो. मांगातल्या बारा रायडरांची जागा सिनेमात नाकतोड्यांच्या एका टोळीने घेतली आहे, आणि तिच्या नावातच 'मोठ्या संख्येने उत्पत्ती' आणि 'अवस्थाबदल' आहे. ही कीटकशास्त्रातली गोष्ट आहे. काही जातींचे नाकतोडे एकेकटे असताना शांत असतात, पण दाटीवाटीत वाढले की त्यांचा रंग बदलतो, वागणं बदलतं आणि त्यांची टोळधाड होते. २०२० मध्ये विदर्भात आलेली टोळधाड ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको. कीटक एकच, अवस्था दोन. होंगो एकांड्या अवस्थेतला. त्याचं एकटेपण ही त्याची वेदना आहे, आणि तो टोळीतला झाला नाही तोही त्यामुळेच.

ती बोगद्यातली टोळीची मारामारी मात्र जमलेली नाही. इतका अंधार आहे की कोण कोणाला मारतंय ते कळत नाही. जुन्या मालिकेने अंधारात दिसेना म्हणून पोशाखावर पट्टे ओढले, ते इथे आठवायला हवं होतं. विंचूवालीला काही मिनिटांत उरकलंय. एकूण पूर्वार्ध घाईचा आहे, चार-पाच भागांचा ऐवज एका सिनेमात कोंबल्यासारखा.

पण शेवट पाहा. इचिमोंजीशी झालेल्या लढतीत होंगोचा पाय मोडलेला आहे (फुजिओकाच्या अपघाताला केलेला हा नमस्कार आहे असं मी मानते), रुरिको गेलेली आहे आणि दोघे रायडर इचिरोसमोर उभे आहेत. या मारामारीत डौल नाही. तिघे दमलेले पुरुष एकमेकांना धरतात, लोळतात, धापा टाकतात. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, मला ते संपूर्ण सिनेमातलं सगळ्यांत खरं दृश्य वाटतं. इचिमोंजी कपाळाने धडक देऊन इचिरोचा मुखवटा फोडतो. आणि मग होंगो काय करतो? लाथ मारत नाही. स्वतःचा मुखवटा काढून इचिरोच्या डोक्यावर चढवतो. त्यात रुरिकोने भावासाठी ठेवलेला निरोप आहे. इशिनोमोरीच्या मांगात जो मुखवटा व्रण झाकायला होता, तो इथे एका दुःखी माणसाकडून दुसऱ्या दुःखी माणसाकडे जातो. इचिरो शांत होतो, विरून जातो. होंगोचाही प्राण संपलेला असतो, तोही फेस होऊन नाहीसा होतो.

पुढे इचिमोंजी तो मुखवटा घालून मोटरसायकलवर निघतो आणि आतून होंगो त्याच्याशी बोलतो. ही मांगातली गोष्ट, जशीच्या तशी. म्हणून मी म्हणते की आन्नोवर आरोप करू नका. त्याने उदास मुलगा आणला नाही, इशिनोमोरीचा मुलगा परत आणला. इशिनोमोरी १९९८ मध्ये गेला, त्याला हा सिनेमा दिसला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता नेहमीचा पुढचा प्रश्न, कुठून सुरुवात करू? मूळ मालिकेचे पहिले तेरा भाग मिळाले तर आधी तेच पाहा, मग सिनेमा. मांगा नंतर वाचा, नाहीतर शेवट आधीच कळेल. आणि घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर सिनेमा त्याच्यासमोर लावू नका. त्याला 'कुउगा'नंतरचा एखादा रायडर दाखवा, हेन्शिनची मुद्रा तो त्याच दिवशी शिकेल.