व्हेनिसला जाताय? दोन रात्री तरी राहा

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. बोटीने सान मार्को चौक, थोडे फोटो, काचेच्या कारखान्यात प्रात्यक्षिक, गोंडोला आणि दुपारी परत बस. या बेताला माझा मनापासून विरोध आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात रिआल्तो पूल ते सान मार्को चौक हा पट्टा गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखा तुंबलेला असतो. संध्याकाळी दिवसाचे पाहुणे परत गेले की गल्ल्या मोकळ्या होतात, आणि सकाळी आठच्या आत त्याच चौकात निवांत फिरता येतं. हे दोन प्रहर हवे असतील तर मुक्काम तिथेच हवा.

रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. व्हेनेझिया मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं स्टेशन, तर व्हेनेझिया सान्ता लुचिया बेटावरचं. दोन्हींमध्ये खाडीवरचा लांब पूल आणि गाडीने दहा-बारा मिनिटं. मेस्त्रेत हॉटेलं बरीच स्वस्त पडतात. बजेटच ताणलेलं असेल तर तिथे राहा, पण स्टेशनपासून चालत जाता येईल असंच हॉटेल घ्या. दूरचं घेतलंत तर वाचवलेल्या पैशांची किंमत रात्रीच्या बसची वाट पाहण्यात मोजावी लागते.

बेटावर हॉटेल निवडताना मीटर बघू नका, पूल मोजा. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. नकाशात सहाशे मीटर दिसणाऱ्या वाटेत चार पूल निघाले, तर तेवीस किलोची बॅग चार वेळा चढवायची आणि चार वेळा उतरवायची. बुकिंग करण्याआधी हॉटेलला दोनच प्रश्न विचारा: जवळचा बोटीचा थांबा कोणता, आणि तिथून वाटेत पूल किती? मोठी बॅग टाळता येत नसेल तर ती सान्ता लुचिया स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्या.

पत्त्यांचीही एक गंमत आहे. शहराचे सहा भाग आहेत, आणि घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून अख्ख्या भागात सलग चालतात. कास्तेल्लो भागात ते सहा हजारांच्या पुढे जातात. ‘कास्तेल्लो, अमुक क्रमांक’ एवढाच पत्ता हातात असेल तर शेजारचा क्रमांक कालव्यापलीकडेही निघू शकतो. म्हणून हॉटेलकडून गल्लीचं नावही घ्या. उंच भिंतींमध्ये मोबाइलवरचा निळा ठिपका इकडून तिकडे उड्या मारतो. तेव्हा कोपऱ्यावरच्या भिंतीकडे बघा: पांढऱ्या चुन्याच्या चौकटीत काळ्या अक्षरांत गल्लीचं नाव असतं, आणि पिवळ्या पाट्या रिआल्तो, सान मार्को किंवा स्टेशनची दिशा दाखवतात.

बोटबसला वापोरेत्तो म्हणतात. सध्याचे दर असे: ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५. तीन सुटी तिकिटं साडेअठ्ठावीस युरोंना पडतात, तेव्हा दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तर पासच परवडतो. पासाचे तास तो पहिल्यांदा थांब्यावरच्या यंत्राला लावल्यापासून सुरू होतात, म्हणून आल्या आल्या लावू नका; पहिली संध्याकाळ चालण्यात घालवा. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी चढण्याआधी यंत्राला लावायचाच. खिशात वैध पास आहे, फक्त लावायचा राहिला, हे कारण तपासनीस ऐकून घेत नाही. मोठ्या थांब्यांवर वेगवेगळ्या दिशांचे तरंगते धक्के वेगळे असतात. बोट कुठे चालली आहे ते फलकावर वाचूनच चढा.

१ नंबरची बोट म्हणजे ग्रँड कॅनालची, शहराच्या मुख्य कालव्याची, सफरच. तिला सान मार्कोपर्यंत साधारण पाऊण तास लागतो. स्टेशनच्या थांब्यावर चढलात तर बसायला जागा मिळणं कठीण. ही बोट त्याच्या एक थांबा आधी, पियात्साले रोमा या बसस्थानकाच्या चौकातून सुटते. स्टेशनसमोरून उजवीकडे वळा, आधुनिक काचेचा पूल ओलांडा आणि तिथून बसा. पावसात या पुलावर जपून पाय टाका, तिथल्या काचेच्या पायऱ्यांवर बरेच जण घसरले आहेत. काही बोटींना पुढे उघड्यावर चार-सहा खुर्च्या असतात, त्या आधी पकडा. सूर्यास्ताच्या थोडं आधी निघालात तर महालांवर तिरपं ऊन असतं.

गोंडोलाचे दर नगरपालिकेने ठरवलेले आहेत: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नाही, आणि एका नावेत पाच जण बसतात. चढण्याआधी मिनिटं आणि दर दोन्ही तोंडाने बोलून पक्कं करा. सान मार्कोसमोरून घेऊ नका. तिथे मोठ्या बोटींच्या लाटांत बराच वेळ जातो. आतल्या एखाद्या लहान कालव्यावरून घ्या. नुसतं गोंडोलात बसायचं असेल तर ‘त्रागेत्तो’ आहे: ‘का दोरो’ महालाजवळून रिआल्तो बाजारापर्यंत ग्रँड कॅनाल ओलांडून देणारी नाव, दोन युरोंत. समोरच्या मासळी बाजारात सकाळीच जा. रविवारी आणि सोमवारी तो बंद असतो.

सान मार्को बॅसिलिकाचं तिकीट ऑनलाइन काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि मोठी सॅक आत नेता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयाचे पैसे वेगळे, पण ते जरूर द्या. बाहेरच्या सज्जातले घोड्यांचे चार पुतळे नकला आहेत. खरे आत आहेत. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीत ते व्हेनिसला आले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये परतले. जवळ जाऊन बघा: तांब्यावरच्या सोन्याच्या मुलाम्यावर बारीक ओरखडे आहेत, आणि मानेच्या शिरा जिवंत जनावरासारख्या टरारलेल्या. उंचावरून शहर बघायचं असेल तर चौकातल्या घंटाघरापेक्षा समोरच्या सान जोर्जो बेटावरचा मनोरा मला जास्त पटतो. तिथेही लिफ्ट आहे, रांग सहसा छोटी असते, आणि तिथून खुद्द सान मार्को समोर दिसतो. चित्रांची आवड असेल त्याने स्कुओला ग्रांदे दी सान रोक्कोला दोन तास द्यावेत. तिन्तोरेत्तोने रंगवलेलं छत मान न मोडता बघता यावं म्हणून तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात.

ऑक्टोबर ते जानेवारी हा उधाणाचा काळ. वारा आग्नेयेचा असला की एड्रियाटिकचं पाणी खाडीत लोटलं जातं. सान मार्को चौक शहरातल्या सर्वांत सखल भागांपैकी एक. तिथे पाणी काठावरून येण्याआधी फरशीतल्या गटारांच्या भोकांतून वर येतं. २०२० च्या ऑक्टोबरपासून खाडीच्या तोंडांवरचे ७८ दरवाजे उचलून मोठी भरती अडवतात, पण ते साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असला तरच. त्याखालच्या भरतीत चौक भिजू शकतो. नगरपालिकेचं भरती केंद्र अंदाज जाहीर करतं, तो रात्री बघून ठेवा. पाणी काही तासांत ओसरतं. तेवढ्या वेळात दोर्सोदुरो किंवा कान्नारेजोच्या उंच भागात फिरा.

शाकाहाऱ्यांनी एक पदार्थ लक्षात ठेवावा: बिगोली इन साल्सा. नुसता कांद्यातला जाड पास्ता वाटतो, पण त्यात अँचोव्ही किंवा सार्डिन विरघळवलेले असतात. रिसोत्तोही अनेकदा मासळीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजतो. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं सांगा आणि शिजवायचं पाणी कशाचं तेही विचारा. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. ‘सार्दे इन साओर’ म्हणजे आपल्या तारलीसारख्या सार्डिन तळून कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या, बेदाणे घातलेल्या. बाकारो नावाच्या छोट्या गुत्त्यांत उभ्या-उभ्या चिकेत्ती, म्हणजे छोटे छोटे खाद्यपदार्थ, खा, हॉटेलच्या निम्म्यात पोट भरतं. बसून जेवलात तर बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो. तो फसवणूक नव्हे, मेनूवर छापलेला असतो. चौकातल्या कॅफेत बँड वाजत असेल तर त्याचे पैसे वेगळे. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

काचकामाच्या मुरानो बेटाला ‘फुकट बोट’ देणाऱ्याला नाही म्हणा. ती दुकानात नेऊन सोडते. पासावर फोंदामेंते नोवे या बोटथांब्याहून जा. बुरानो बेटाची १२ नंबरची बोट तिथूनच सुटते, पाऊण तास लागतो, आणि सकाळी नऊच्या आत गाठली तरच रंगीत घरांमध्ये निवांत फिरता येतं.

वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत, फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. २०२५ मध्ये ते आधी भरल्यास ५ युरो आणि ऐनवेळी १० होतं. मुक्काम करणाऱ्यांना माफी आहे, पण तिचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन नोंदवून घ्यावा लागतो. परतीचं विमान पहाटेचं असेल तर शेवटची रात्र पियात्साले रोमाजवळ काढा. विमानतळाची बस तिथून वीस-पंचवीस मिनिटांत पोचते. सान मार्कोहून बोटीने तासाच्या वर लागतो.