यागीची बहिरी बाजू

हॅम रेडिओची यागी, म्हणजे एका दिशेला जास्त ऐकणारा कांड्यांचा अँटेना, तयार झाली आणि वापरातही आली, म्हणून सगळं एकत्र लिहून काढतो. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. चहूबाजूंनी काळी सपाट जमीन, कपाशी, तूर, हरभरा, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. दोन मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) बोलणाऱ्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, याहून मोकळं मैदान कुठे मिळणार, असं वाटतं. पण मैदानात उंची नसते, आणि उंची नसली की हँडीच्या, म्हणजे हातात धरायच्या वॉकीटॉकीसारख्या सेटच्या, रबरी अँटेनाचा आवाज शिवार ओलांडेपर्यंत दमतो.

हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचे मीटर घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. माझी बल्ली आठ मीटरची, म्हणजे साडेअकरा किलोमीटर. समोरच्याचीही तेवढीच असली तर तेवीस. अकोला माझ्यापासून सरळ रेषेत चाळीसच्या घरात, त्यामुळे कागदावर तरी अकोला बंद. चिखलदरा त्याहून लांब, पन्नासच्या पुढे, पण तो अकराशे मीटरवर बसलाय. तिथून आमचा अख्खा तालुका उघडा दिसतो.

रचना मी नवीन शोधलेली नाही. फॉक्स हंटिंगवाले (लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ खेळणारे) वर्षानुवर्षं वापरतात तीच मेजरिंग टेपची तीन कांड्यांची यागी. एक इंच रुंदीची पाच मीटरची टेप घेतली. तीन मीटरचीही लांबीला पुरते, पण ती पट्टी अरुंद येते आणि मापं बदलतात. मागचा रिफ्लेक्टर १०५.१ सेंटिमीटर. मधल्या ड्रिव्हन एलिमेंटचे, म्हणजे केबल जोडतात त्या कांडीचे, दोन तुकडे, प्रत्येकी ४५.१, मध्ये अडीच सेंटिमीटरची फट. पुढचा डायरेक्टर ८९.२. रिफ्लेक्टरपासून ड्रिव्हन २०.३ वर, तिथून डायरेक्टर ३१.८ वर. बूमला प्लंबिंगचा पीव्हीसी पाईप, जोडांना क्रॉस आणि टी, आणि पट्ट्या आवळायला पाण्याच्या पाइपाला लावतात त्या होज क्लिपा. पट्टी कापायला पत्र्याची कात्री लागते. कापल्यावर कोपरे गोल करून टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळाच. उघडी टोकं डोळ्याच्या उंचीवर फिरत असतात आणि घरात लहान पोरं असतात.

खरा वेळ खाल्ला तो सोल्डरिंगनं. टेपचं पोलाद सोल्डर धरत नाही. पिवळा रंग पॉलिश पेपरनं पूर्ण घासून पांढरं पोलाद उघडं केलं, फ्लक्स लावला, आणि साध्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नऐवजी दुकानातलं जाड बिटाचं घेतलं. (माझं दुकान मोटर वायंडिंगचं आहे, त्यामुळे जाड बीट हाताशी असतं.) आधी पट्टीवर कथलाचा पातळ थर चढवायचा, तो पाण्यासारखा पसरला की मगच केबल टेकवायची. थेंब मण्यासारखा गोल बसला तर समजा तो बसलेला नाही, नखानं उडेल.

आता हेअरपिनबद्दल, म्हणजे फटीवरच्या वाकवलेल्या तारेबद्दल, कारण नवे लोक नेमकी तीच गाळतात. साध्या डायपोलचा (दोन तुकड्यांच्या एकट्या कांडीचा) इम्पीडन्स, म्हणजे रेडिओ सिग्नलला होणारा विरोध, सत्तर ओहमच्या आसपास असतो. पण मागे रिफ्लेक्टर आणि पुढे डायरेक्टर आला की तो वीस-पंचवीसवर घसरतो. आपली केबल पन्नासची. म्हणून ड्रिव्हन मुद्दाम थोडा आखूड ठेवतात, तो कपॅसिटरसारखा वागू लागतो, आणि फटीवर यू आकाराची तार आडवी लावली की ती इंडक्टर म्हणून त्याला तोलते आणि बेरीज पन्नासवर येते. तार एकूण १२.७ सेंटिमीटर, दोन्ही पायांमधलं अंतर जेमतेम दोन. मी १६ गेजची वायंडिंगची तांब्याची तार वापरली. तिच्यावर इनॅमल असतं, ते दोन्ही टोकांना ब्लेडनं खरवडून काढायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही तार म्हणजे सरळ शॉर्ट वाटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरानं तर मल्टिमीटर लावून मला पुरावाच दाखवला. डीसीला शॉर्टच आहे बाबा, १४५ मेगाहर्ट्झला नाही.

नॅनो व्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावून ड्रिव्हनचे दोन्ही तुकडे क्लिपमध्ये किंचित आत-बाहेर सरकवले आणि त्याच्या आलेखातली दरी, म्हणजे सगळ्यात कमी सिग्नल परत येतो ती जागा, १४५ वर आणली. आपल्याकडे बँड १४४ ते १४६, त्यामुळे मध्य साधला की दोन्ही काठ आपोआप सांभाळले जातात. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, १ म्हणजे आदर्श) १.३ च्या आसपास थांबला. त्याच्या मागे लागून १.१ करण्यात मला रस नाही; वाचलेली ऊर्जा मोजताही येणार नाही. त्यापेक्षा केबलकडे बघा. आरजी-५८ ही पातळ केबल या बँडला शंभर मीटरला वीस डीबीच्या (डीबी म्हणजे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) आसपास खाते. पंधरा मीटर केबल टाकली की तीन डीबी, म्हणजे निम्मी पॉवर वाटेतच गरम होऊन गेली. तीन कांड्यांची यागी डायपोलपेक्षा देते पाच डीबीच्या आसपास, त्यातले तीन केबललाच घालायचे तर एवढी खटपट कशाला? मी आरजी-२१३ घेतली. जाड आहे, वळत नाही, महाग आहे, आणि तिच्यावरचा पैसा टेपवरच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त गेला. गेला तो बरोबर गेला.

फीडपाशी, म्हणजे अँटेनाला केबल जोडली तिथे, केबलचे पाच-सहा वळसे घालून बांधलेत, म्हणजे केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना व्हायला बघत नाही.

बल्ली लाकडाचीच घ्या. एफएमसाठी कांड्या उभ्या ठेवाव्या लागतात, आणि उभ्या कांड्यांच्या मधोमध लोखंडी पाईप उभा राहिला तर तोही चौथी कांडी होऊन सगळा पॅटर्न बिघडवतो. दुसरा उपाय म्हणजे बूम रिफ्लेक्टरच्या मागे हातभर वाढवायचा आणि तिथे धरायचं. मी दोन्ही केलं. मागची वाढीव नळी बल्लीवर क्लॅम्पमध्ये बसते, आणि तीच काढून हातात घेतली की मूठ होते. फिरवायला मोटर नाही. बल्लीचं बूड जुन्या सायकलच्या हबमध्ये बसवलंय, खाली आडवा दांडा आहे, हातानं फिरवायची.

तपासणीला संधी आयती चालून आली. अमरावतीचा एक हॅम मित्र घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेला होता. गाविलगडाच्या बाजूनं दक्षिणेकडचं मैदान उघडं आहे, तिथे तो हँडी घेऊन उभा राहिला. चिखलदरा माझ्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. पाच वॅटवर तो असा आला जणू शेजारच्या ओट्यावरून बोलतोय, म्हणून त्याला कमी पॉवरवर जायला सांगितलं. हँडीच्या सिग्नलच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. त्या एकतर पूर्ण असतात नाहीतर नसतात. मी आरटीएल-एसडीआर डोंगल (मोबाईलला रेडिओ रिसीव्हर बनवणारी काडी) मोबाईलला ओटीजीनं जोडलं, ऑटोमॅटिक गेन बंद केला, आणि तो बोलत असताना बल्ली हळूहळू फिरवून दर तीस अंशाला डीबी लिहून घेतले.

इथे मजा आली. पुढची बाजू बोथट निघाली. कांड्या उभ्या असताना उत्तरेपासून तीस अंश इकडे, तीस अंश तिकडे गेलं तरी आकडा जेमतेम एक-दोन डीबी हलतो. म्हणजे ‘सिग्नल कुठून येतोय’ हे जोराच्या बाजूनं शोधायला गेलात तर अर्धा तालुका उत्तरात येईल. पण पाठ त्याच्याकडे केली की वीसेक डीबीनं पडला, आणि पडतो तो नेमक्या जागी, थोडंसं फिरवलं की परत उठतो. हा अँटेना ऐकतो ढोबळ आणि बहिरा होतो नेमका. मला तरी यागीची खरी किंमत त्या बहिऱ्या बाजूत दिसते. गेनचे, म्हणजे पुढच्या बाजूच्या वाढीव जोराचे, पाच डीबी चांगल्या केबलनं आणि दोन मीटर जास्त उंचीनंही मिळवता येतात.

(१९२६ साली हे काम छापून आलं ते जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातून. बहुतेक घाम शिंतारो उडा यांचा, पण जगभर नाव लागलं हिदेत्सुगु यागींचं. निदान कागदोपत्री तरी यागी-उडा म्हणावं.)

अकोल्याचं सांगतो. दुपारी तिथल्या मित्राचा नुसता खरखराट. थंडीत पहाटे मात्र पूर्णेच्या खोऱ्यावर थंड हवा खाली आणि उबदार वर असे थर बसतात, लाटा त्या थरात वाकून क्षितिजापलीकडे उतरतात. पौषात सूर्य उगवायच्या आधी यागी नैऋत्येला धरली की त्याचं बोलणं शब्दन्‌शब्द कळतं. ऊन चढलं, धुकं उठलं, की संपलं. अकोलेकराला पहाटे पाचला उठवणं हा या प्रयोगातला सगळ्यात अवघड भाग.

बहिऱ्या बाजूचा खरा कस लागला झटका मशीनवर. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पीक राहू देत नाहीत, म्हणून निम्म्या शिवाराला सोलरची झटका तार आहे. तार नीट असेल तर रेडिओला त्रास नाही. पण कुठे ती गवताला टेकली किंवा इन्सुलेटर तडकला की तिथे ठिणगी उडते आणि सेकंदाला एक असा ‘टक्’ सगळ्या बँडवर घुसतो. या हिवाळ्यात अंधार पडला की तो सुरू व्हायचा आणि पहाटे अकोल्याचा आवाज त्याच्याखाली दबायचा.

अशी ठिणगी एफएमवर शोधू नये, एफएम रिसीव्हर तिला गिळून टाकतो. एसडीआर एएमवर लावला, यागी हातात घेतली. घराच्या गच्चीवर उभं राहून टक् ज्या बाजूला पाठ केल्यावर मावळतो ती दिशा नोंदवली, मग पांदण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेच केलं. नकाशावर दोन रेघा ओढल्या, त्या एका धुऱ्यावर मिळाल्या. तिथे जवळ गेल्यावर आवाज इतका वाढला की पाठ केली तरी कमी होईना. अशा वेळी फ्रिक्वेन्सी वर न्यायची. ठिणगीचा आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीला लांबवर पोचत नाही, त्यामुळे तिथे तो ऐकू आला की समजायचं जवळच आहोत. शिवाय यागी आडवी धरली तर कांड्यांच्या टोकांच्या दिशेला एक धारदार बहिरी रेघ मिळते. ती रेघ फिरवत फिरवत बांधावर चालत होतो, तेवढ्यात शेतमालक नानाजी टॉर्च घेऊन आले.

“काय पकडून रायला बे, इमान?” (इमान म्हणजे विमान.)

“नाही नानाजी, तुमची मशीन झटका कुठं सांडून रायली ते पाहतो.”

“मशीन तर नवीच हाये ना बावा.”

टॉर्च बंद करायला सांगितला. बाभळीची एक फांदी तारेवर टेकली होती आणि खाली इन्सुलेटरला केसाएवढी चीर. अंधारात त्या चिरेत बारीक निळी ठिणगी, टक्, मग अंधार, परत टक्. मोबाईलमधला आवाज आणि ती ठिणगी एका तालात. नानाजी वाकून बघत राहिले, मग म्हणाले, “म्हणूनच तिकून डुक्कर घुसून रायले!” बरोबर होतं त्यांचं. झटका मध्येच जमिनीत जिरला की तारेच्या पुढच्या टोकाला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून फांदी छाटली, इन्सुलेटर बदलला. माझा बँड साफ झाला, त्यांचा हरभरा वाचला, आणि आता शिवारातले दोघं-तिघं ‘ते काटेवालं यंत्र’ घेऊन आमच्या धुऱ्यावरही ये म्हणतात.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं थोडक्यात. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला वरून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हापासून गावातली पोट्टी ‘आपल्याला ऐकू येते का’ म्हणून मागे लागली होती. स्थानकाचा एफएम डाउनलिंक (वरून खाली येणारा सिग्नल) १४५.८०० वर असतो, आणि अधूनमधून तिथूनच एसएसटीव्ही चित्रं (आवाजाच्या रूपात सावकाश पाठवलेली स्थिर चित्रं) येतात. स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून जातं, डोक्यावरून गेलं तरी दहाएक मिनिटांत क्षितिज गाठतं. या बँडला डॉप्लर (स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं) साडेतीन किलोहर्ट्झच्या आतबाहेर, एफएमला तो सोसवतो. यागी हातात धरून स्थानकामागे फिरवायची आणि आवाज बुडाला की मनगट वळवून कांड्या उभ्याच्या आडव्या करायच्या, कारण तिकडचं पोलरायझेशन (लाटेचं उभं-आडवं असणं) सारखं बदलत जातं. मोबाईलवर डीकोडर लावून तो स्पीकरजवळ ठेवला. पीडी-१२० या पद्धतीचं एक चित्र दोन मिनिटं घेतं. वरचा भाग स्वच्छ आला, मध्ये एका पोट्ट्यानं यागी मागितली तिथे दोन बोटं रुंद खरखरीचा पट्टा, खाली परत स्वच्छ. तो पट्टा ज्याच्या हातून झाला त्यानंच ते चित्र शाळेत दाखवायला नेलं.

उन्हाळ्याची काळजी आहे. पंचेचाळीस अंशांत पीव्हीसी मऊ पडून डायरेक्टर वाकतो, म्हणून बूमच्या आत बांबूची कमची सरकवली आहे. मृग जवळ आला की बल्ली आडवी करायची आणि केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकायची. आमच्या भागात वीज पडून माणसं जातात, यावर हुशारी नको.

पुढचं काम एसओ-५०. २००२ साली सोडलेला सौदी उपग्रह, अपलिंक १४५.८५० वर ६७ हर्ट्झ टोनसह, डाउनलिंक ४३६.७९५ वर, आणि वरचा ट्रान्समीटर पाव वॅटचा. डॉप्लर तिथे नऊ-दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, म्हणून हँडीत पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी मेमरी भरून ठेवल्या आहेत. सत्तर सेंटिमीटर बँडच्या, म्हणजे त्या ४३६ च्या, कांड्या याच बूमवर काटकोनात बसवणार, म्हणजे एकमेकींना त्रास होत नाही. लांब पाईप आणलाय. कांड्यांना वेल्डिंगवाल्याकडची तीन मिलिमीटरची पितळी सळई घ्यावी की ॲल्युमिनियमची तार, एवढंच ठरायचंय. पितळ जड आहे, पण त्याला सोल्डर लागतं, आणि टेपच्या पोलादाशी झगडल्यावर माझं मन पितळेकडेच झुकतंय.