खात्रीने सांगणारा आणि "नक्की नाही" म्हणणारा

बेपत्ता माणसाची जुनी फाईल नव्याने तपासायला माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात सगळ्यात जाड भाग होता "आम्ही त्यांना पाहिलं" म्हणणाऱ्यांच्या जबाबांचा. यातलं कोणी मुद्दाम खोटं बोलत असेल असं मला अजिबात वाटलं नाही, मदत करावी म्हणूनच लोक आले होते, पण एकच म्हातारा माणूस एकाच संध्याकाळी इतक्या लांबलांबच्या ठिकाणी असणं शक्य नव्हतं.

आधीच्या तपासाचा सगळा भर एका माणसावर होता. त्याने रेल्वे स्टेशनवर पाहिलं, निळा शर्ट, चष्मा, "शंभर टक्के तेच". घरचे लोक त्या जबाबावर विसंबून कुठे कुठे हिंडून आले होते. मी सगळे जबाब तारखेप्रमाणे लावले, तर निळ्या शर्टाचा उल्लेख करणारा प्रत्येक जण फोटो आणि वर्णन छापून आल्यानंतरचा निघाला. आणि फाईलच्या पार मागे बेपत्ता माणसाच्या मुलीचा पुरवणी जबाब होता की तो निळा शर्ट नंतर घरातच सापडला, म्हणजे वर्णनच चुकीचं छापलं गेलं होतं! त्यात प्रश्न कसा विचारलाय यावरही असतं, "निळाच शर्ट होता ना?" असं विचारलं की माणूस हो म्हणतो. १९७४ च्या लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात प्रश्नातलं फक्त एक क्रियापद बदललं तर त्याच अपघाताची फिल्म बघितलेल्या लोकांनी गाडीचा वेग वेगळा सांगितला होता.

खात्रीचंही तसंच. अमेरिकेत रोनाल्ड कॉटनला १९८४ मध्ये आपल्यावर बलात्कार करणारा म्हणून जिने ओळखलं ती फोटो बघताना आधी घुटमळली होती, कोर्टात मात्र ठाम होती, आणि १९९५ मध्ये डीएनएने तो निर्दोष ठरला. म्हणून मी साक्षीदार आज किती ठाम आहे ते बघत नाही, पहिल्यांदा बोलला तेव्हा काय बोलला ते बघते.

असा एक जबाब होता, चार ओळींचा, कोणी फारसं लक्ष न दिलेला. एका तरुणाची गाडी पुलाजवळ बंद पडली होती. "नक्की सांगता येत नाही, चेहरा दिसला नाही, डावा पाय ओढत चालले होते, चपला हातात होत्या." हे त्याने फोटो छापून यायच्या आधी सांगितलेलं, आणि मेकॅनिकला केलेला फोन कॉल रेकॉर्डमध्ये असल्याने दिवस आणि वेळ पक्की. बरोबर माणूस पण चुकीचा दिवस, हे अशा केसमध्ये फार होतं, इथे तो प्रश्न नव्हता. संध्याकाळी त्याच वेळेला मी तिथे उभी राहिले, सहकाऱ्याला पुलावरून चालायला लावलं. चाल कळत होती, चेहरा नाही. तो जेवढं सांगत होता तेवढंच तिथून दिसतं.

मुलीला मी पायाबद्दल काहीच न बोलता फक्त विचारलं, बाबा चालायचे कसे? ती म्हणाली, "डावा गुडघा दुखला की चपला काढून हातात घ्यायचे, मॅडम. का हो?" माझ्या अंगावर काटा आला. ही गोष्ट कुठल्याच वर्णनात नव्हती.

मग तिने विचारलं, स्टेशनवरचे बाबा नव्हतेच का? नव्हते असं मी म्हणू शकत नाही, पण त्या जबाबावर शोध उभा राहत नाही, हे तिला सांगितलं. तिला ते जड गेलं, कारण स्टेशन म्हणजे कुठेतरी सुखरूप पोचले असतील ही आशा होती, आणि पूल म्हणजे नदी. पण पुलावर दिसले म्हणजे पाण्यात गेले असंही मी लिहिलेलं नाही, तो माणूस चालत होता आणि पलीकडच्या दिशेने चालत होता, एवढंच.

केस अजून सुटलेली नाही. पूल ओलांडला की दोन रस्ते फुटतात, सध्या तिथल्या लोकांना विचारतोय, फोटो नंतर दाखवतो, आधी त्यांना आठवेल ते मधे न बोलता ऐकून घेतो आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो.